चिक्कमगळूरु : कॉफीच्या पानाची राखण

कडूर स्थानकावर उतरून चिक्कमगळूरुचा रस्ता धरला की सुरुवातीला डोळ्यांत भरण्यासारखे काही दिसत नाही. नाचणीची शेते, नारळीच्या बागा, मधूनच एखादे तळे, असा तो कोरडा मुलूख आहे. पण चाळीस किलोमीटरचा हा प्रवास संपत येतो तसतशी समोर निळसर डोंगरांची रांग उभी राहते. गाव मागे टाकून गाडी घाटाला लागली की हवा थंड होते आणि दोन्ही बाजूंनी गर्द सावली सुरू होते. नवख्या माणसाला वाटते, हे जंगलच आहे. जरा थांबून पाहिले की लक्षात येते, उंच झाडांच्या सावलीत पुरुषभर उंचीची, चकचकीत हिरव्या पानांची झुडुपे ओळीने उभी आहेत. हाच कॉफीचा मळा.

कर्नाटकातील या गावाच्या नावामागे एक गोड दंतकथा आहे. कन्नडमध्ये ‘चिक्क’ म्हणजे धाकटी, ‘मगळु’ म्हणजे मुलगी आणि ‘ऊरु’ म्हणजे गाव. सक्करेपट्टणचा राजा रुक्मांगद याने हे गाव धाकट्या लेकीला आंदण दिले, म्हणून ते चिक्कमगळूरु. थोरलीच्या वाट्याला आले ते शेजारचे हिरेमगळूरु.

पर्यटक येथे येतात ते थंड हवेसाठी, धबधब्यांसाठी आणि कर्नाटकातील सर्वांत उंच शिखर मुळ्ळय्यनगिरी पाहण्यासाठी. सुमारे १,९३० मीटर उंचीच्या या शिखरावरून ढग पायाखाली दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची पहिली सर पडली की आठ-दहा दिवसांत सगळे मळे पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरून जातात आणि मोगऱ्यासारखा वास दरवळतो. हा बहर तीन-चार दिवसच टिकतो. नोव्हेंबरपासून फळे लाल होऊ लागतात, तोडणी सुरू होते आणि खळ्यांवर कॉफी वाळत पडते.

हे सगळे पाहताना एक गोष्ट सहसा पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. मळ्यातला जुना मेस्त्री झुडपाजवळ गेला की आधी फुलाकडे किंवा फळाकडे पाहत नाही. तो एक पान हातात घेतो आणि उलटे करतो. पानाच्या मागे त्याला काय दिसते, यावर मळ्याचे पुढचे वर्ष अवलंबून असते. आणि थोड्या दूरच्या नात्याने, आपल्या सकाळच्या कपाचेही.

सात बियांपासून सुरुवात

गावाच्या उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर बाबाबुडनगिरीचे डोंगर आहेत. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे सूफी संत मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया घेऊन आले आणि त्यांनी त्या या डोंगरावर पेरल्या, असे परंपरा सांगते. त्या काळी अरब व्यापारी उगवण्याजोगे कॉफीचे बी बाहेर जाऊ देत नसत. डोंगरावरील गुहेचे स्थान दत्तात्रेयाचे पीठ आणि बाबा बुडन यांचा दर्गा अशा दोन्ही नावांनी ओळखले जाते आणि दोन्ही धर्मांचे भाविक येथे येतात. दत्तभक्त मराठी कुटुंबांनाही हे ठिकाण परके नाही.

त्या सात बियांबरोबर आणखी एक भाग्य आले होते. कॉफीचा सर्वांत मोठा रोग पानावर राहतो, पानावरच पसरतो. येथे आल्या त्या फक्त बिया. त्यामुळे कॉफी तिच्या मूळ भूमीतून, आफ्रिकेतून, दूर आली आणि तिचा शत्रू बराच काळ मागेच राहिला. जवळजवळ दोनशे वर्षे येथील कॉफी त्या रोगाशिवाय वाढली. एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाले आले, डोंगरच्या डोंगर लागवडीखाली आले. तेव्हा ‘चिक’ नावाने ओळखली जाणारी येथली जुनी जात सगळीकडे लावलेली होती.

पानामागचा तांबेरा

मराठी शेतकऱ्याला तांबेरा नवा नाही. गव्हावर पडतो, सोयाबीनवर पडतो. कॉफीवरचा तांबेरा त्याच कुळातला. पानाच्या मागच्या बाजूला आधी फिकट पिवळे ठिपके दिसतात. काही दिवसांत त्यांवर नारिंगी रंगाची भुकटी साचते. बोट फिरवले तर हळदीसारखी बोटाला लागते. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. ते लाखांच्या संख्येने तयार होतात आणि वाऱ्याने, पावसाच्या थेंबाने, माणसाच्या कपड्याने पुढच्या झुडपावर जातात.

बीजाणूला रुजण्यासाठी पानावर पाण्याचा थेंब लागतो. तो मिळाला की पानाच्या मागच्या बाजूची सूक्ष्म रंध्रे, ज्यांतून पान श्वास घेते, त्यांतूनच बुरशी आत शिरते. मग पान गळते. झाड लगेच मरत नाही, पण पाने गेली की फळांना अन्न मिळत नाही, ती पोचट राहतात, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात आणि पुढच्या वर्षी फळ धरायला फांदीच उरत नाही. म्हणजे एका वर्षाचा रोग दोन वर्षांचे उत्पन्न नेतो.

या बुरशीला १८६९ साली इंग्लंडमधील वनस्पतितज्ज्ञ बर्कली यांनी शास्त्रीय नाव दिले ते ‘हेमिलिया व्हास्टाट्रिक्स’. यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच मुळी ‘उद्ध्वस्त करणारी’ असा आहे. तपासलेली पाने आली होती सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून.

समुद्रापलीकडचा धडा

सिलोन त्या काळी कॉफीच्या जगातील बडे नाव होते. १८७० च्या सुमारास तेथून वर्षाला सुमारे पंचेचाळीस हजार टन कॉफी बाहेर जात असे. डोंगरांवरील जंगल तोडून मैलोगणती एकच पीक लावलेले होते. तांबेऱ्याला याहून सोयीची जागा मिळाली नसती. वाऱ्याला अडवायला मध्ये झाडे नव्हती आणि एका झुडपापासून दुसऱ्यापर्यंत जायला अंतरही नव्हते.

१८८० साली हॅरी मार्शल वॉर्ड हा तरुण शास्त्रज्ञ तेथे पाठवण्यात आला. बीजाणू वाऱ्याने कसे पसरतात, ते पानात केव्हा शिरतात, हे त्याने दोन वर्षे बारकाईने पाहिले. बुरशी पानात शिरण्यापूर्वीच पानाला संरक्षण हवे, हे त्याने ओळखले. पण हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता. १८९० उजाडेपर्यंत कॉफीची निर्यात पूर्वीच्या दहाव्या भागाइतकीही उरली नव्हती.

मळेवाल्यांनी मग चहाकडे धाव घेतली. जेम्स टेलर याने १८६७ सालीच लूलकंदुरा येथे एकोणीस एकरांत चहा लावून पाहिला होता. तोच आता कामी आला. तांबेऱ्यामुळे इंग्रज चहा पिऊ लागले, असे गमतीने सांगितले जाते. ते खरे नाही, कारण इंग्लंडमध्ये चहा त्याआधीच घरोघर पोहोचला होता. पण ‘सिलोन चहा’ जगभर गेला तो मात्र या बुरशीमुळे.

या सगळ्यात मजुरांचे काय झाले? कॉफीच्या तोडणीसाठी तमिळ मुलखातून माणसे हंगामापुरती सिलोनला जात आणि परत येत. कॉफी बुडाली आणि त्यांचे काम गेले. चहाची पाने मात्र बाराही महिने खुडावी लागतात. म्हणून पुढे कुटुंबेच्या कुटुंबे तेथे वस्तीला राहिली. १९४८ साली सिलोन स्वतंत्र झाल्यावर त्यांतील बहुतेकांना नागरिकत्व नाकारले गेले. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर लाखो माणसे भारतात परतली. त्यांतली कितीतरी नीलगिरीत स्थिरावली. पानामागच्या भुकटीने सुरू झालेली गोष्ट कित्येक पिढ्यांच्या संसारापर्यंत येऊन पोहोचली, ती अशी.

बाळेहोन्नूरचे काम

तांबेरा समुद्र ओलांडून लगेचच, १८७० च्या आगेमागे, म्हैसूर आणि कोडगूच्या मळ्यांतही आला. ‘चिक’ जात कोसळली. तिच्या जागी ‘कोडगू’ आली, तीही टिकली नाही. १९११ साली केंट नावाच्या मळेवाल्याला आपल्या मळ्यात इतरांपेक्षा निरोगी राहिलेले झाड दिसले. त्याने त्याचे बी धरले. ‘केंट’ जात काही वर्षे जोमात चालली आणि मग तिच्यावरही तांबेरा दिसू लागला. असे का होते, याचे उत्तर मिळाले बाळेहोन्नूरला.

चिक्कमगळूरुपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, भद्रा नदीच्या काठी हे छोटे गाव आहे. वीरशैवांच्या पंचपीठांपैकी रंभापुरी पीठ येथेच असल्यामुळे महाराष्ट्राच्या सीमाभागातील भाविकांना ते ओळखीचे आहे. गावाजवळच केंद्रीय कॉफी संशोधन संस्था आहे. म्हैसूर संस्थानने १९२५ साली ती प्रयोग केंद्र म्हणून सुरू केली. यामागे लेस्ली कोलमन या कॅनेडियन शास्त्रज्ञाचा पुढाकार होता. ते १९०८ साली पिकांच्या रोगांचे आणि किडींचे तज्ज्ञ म्हणून संस्थानात आले आणि पुढे शेतीखात्याचे संचालक झाले.

येथे काम करणाऱ्या विल्सन मेन यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की तांबेरा एकच नाही, त्याचे अनेक पोटप्रकार आहेत. एका प्रकाराला दाद न देणारे झाड दुसऱ्याला बळी पडते. झाड सुधारले की बुरशीही बदलते. म्हणजे एकदा चांगली जात मिळाली की काम संपले, असे कधीच होत नाही.

याच संस्थेत ‘केंट’चा संकर दुसऱ्या एका रोगप्रतिकारक वाणाशी करून ‘एस. ७९५’ ही जात तयार झाली आणि १९४० नंतरच्या दशकात ती शेतकऱ्यांच्या हाती आली. आजही भारतातील अरेबिका मळ्यांत ती मोठ्या प्रमाणावर दिसते. पुढे १९८५ साली ‘कावेरी’ आणि २००७ साली ‘चंद्रगिरी’ या जाती आल्या. कॉफीच्या रोपाला पहिले फळ धरायलाच तीन-चार वर्षे लागतात. अशा चार-पाच पिढ्या तपासल्याशिवाय जात शेतकऱ्याला देता येत नाही. एका माणसाने सुरू केलेले काम बहुधा त्याच्यानंतर आलेल्याच्या हातून पूर्ण होते.

मोरचूद आणि चुना

चांगली जात असली तरी पावसाळ्याच्या तोंडाशी मळ्यात फवारणीची धांदल उडते. मोरचूद आणि चुना यांचे हे निळसर पाणी, म्हणजेच बोर्डो मिश्रण, द्राक्षबागायतदारांच्या चांगल्या परिचयाचे आहे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या बागांत रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडत असत, का तर येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत! त्याच वेली केवडा रोगातून वाचल्याचे मिलार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आले आणि १८८५ साली त्याने हा उपाय जगापुढे मांडला. सिलोनची कॉफी तेव्हा संपत आली होती.

मिश्रण करण्याची रीत आजही फारशी बदललेली नाही. मोरचूद एका भांड्यात, चुना दुसऱ्या भांड्यात भिजवायचा. भांडे लोखंडी चालत नाही. दोन्ही एकत्र केल्यावर स्वच्छ सुरी त्यात थोडा वेळ बुडवून पाहायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजायचे. फवारा मारायचा तो पानाच्या मागून, कारण शत्रू तेथेच येतो.

याच मुलखात पावसाळ्यात आणखी एक रोग येतो. त्यात पाने काळी पडून कुजतात आणि बुरशीच्या धाग्याला लोंबकळत राहतात. कन्नड शेतकरी त्याला ‘कोळे रोग’ म्हणतात. कोळे म्हणजे कुजणे. १८७६ साली कुक या इंग्रज शास्त्रज्ञाने या बुरशीला नाव देताना ‘कोलेरोगा’ हा शब्द तसाच घेतला आणि कन्नड शेतकऱ्याचा शब्द लॅटिन नावात जाऊन बसला. कोकणात आणि गोव्यातही ‘कोळे रोग’ हा शब्द चालतो, पण तेथे तो सुपारीच्या फळगळीचा. त्याची बुरशी वेगळी आहे. कोलमन यांनी म्हैसूरला आल्यावर सुरुवातीला अभ्यास केला तो याच सुपारीच्या कोळे रोगाचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बागायतदार पावसाआधी सुपारीच्या घडांवर बोर्डो मारतो, तेव्हा तोही याच परंपरेत असतो.

खोडातला शत्रू

तांबेरा निदान डोळ्यांना दिसतो. अरेबिकाचा दुसरा मोठा शत्रू खोडाच्या आत लपतो. पांढरा खोडकिडा या नावाने तो ओळखला जातो. त्याचा भुंगेरा खोडाच्या सालीच्या फटीत अंडी घालतो. अळी आत शिरून कित्येक महिने खोड पोखरत राहते. बाहेरून झाड बरे दिसते. मग एक दिवस पाने पिवळी पडतात आणि झाड वाळते. खोडावरून हात फिरवला तर सालीवर उंचवटे लागतात, तीच खूण.

या किड्यावर खात्रीचा उपाय एकच. भुंगेरे बाहेर पडण्याआधी, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी आणि पुन्हा पावसाळ्याच्या अखेरीस, प्रत्येक झाड तपासायचे आणि लागण झालेले उपटून जाळायचे. वीस वर्षे वाढवलेले झाड स्वतःच्या हाताने पेटवणे सोपे नसते. पण शेजाऱ्याने जाळले आणि आपण ठेवले, तर आपल्या झाडातला भुंगेरा त्याच्याही मळ्यात जातो. कुंपण माणसांना कळते, किड्यांना नाही. भारतातील बहुतेक कॉफी शेतकरी दहा हेक्टरांहून कमी जमिनीचे धनी आहेत. एकाच्या आळसाची किंमत अख्ख्या वाडीला मोजावी लागते.

मळ्यातल्या सावलीचे गुपितही येथेच उलगडते. भुंगेऱ्याला ऊन पडलेले खोड आवडते. म्हणून पांगारा, फणस, उंबर, सिल्व्हर ओक अशी झाडे कॉफीवर छत्र धरून असतात. त्याच झाडांवर मिरीचे वेल चढतात आणि त्यांच्या फांद्यांवर पक्षी राहतात. मात्र सावली फार दाट झाली तर खाली ओल राहते आणि बुरशीचे फावते. म्हणून दरवर्षी फांद्या छाटून ऊन आणि सावली यांचा मेळ घालावा लागतो. हे काम पुस्तकापेक्षा अनुभवावर चालते.

आपल्या कपापर्यंत

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत भारतात अरेबिकाचे पीक जास्त असे. आता दोन-तृतीयांशाहून अधिक कॉफी रोबस्टा जातीची असते. रोबस्टाला भाव, सोपी निगा अशी इतरही कारणे आहेत. पण तांबेरा आणि खोडकिडा तिला सहसा नमवू शकत नाहीत, हे त्यांतले मोठे कारण. तिची चव अधिक कडू आणि जड. आज घरातल्या फिल्टरमधून उतरणाऱ्या कॉफीला जी चव असते, तिच्यामागे असा रोगांचाही इतिहास आहे.

आणि हे केवळ जुने प्रकरण नव्हे. तांबेरा १९७० साली ब्राझीलमध्ये पोहोचला. २०१२ नंतर मध्य अमेरिकेत त्याने असा कहर केला की ग्वाटेमालाला २०१३ साली आणीबाणी जाहीर करावी लागली. त्या भागात लाखो मजुरांचे हंगामाचे काम गेले. भारतातही १९९० साली नीलगिरीतील गुडलूर भागात फळ पोखरणारा नवा भुंगेरा आढळला आणि पुढे तो इतर मळ्यांत पसरला.

आपण जे खातो त्यातील सुमारे ८० टक्के वनस्पतींपासून येते आणि जगातील ४० टक्क्यांपर्यंत पीक दरवर्षी रोग आणि किडींमुळे जाते, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे म्हणणे आहे. म्हणूनच २०२० हे वर्ष वनस्पती आरोग्य वर्ष म्हणून पाळले गेले आणि २०२२ पासून १२ मे हा आंतरराष्ट्रीय वनस्पती आरोग्य दिन ठरला. घरातले मूल आजारी पडले तर सगळ्यांना कळते. मिरी, सुपारी, तांदूळ आजारी पडले की ते आपल्याला कळते फक्त वाण्याच्या बिलातून.

पाहुण्यांनी एवढे करावे

बेंगळूरुहून चिक्कमगळूरु सुमारे २४५ किलोमीटर आहे. महाराष्ट्रातून रेल्वेने येणाऱ्यांनी हुबळीमार्गे कडूर किंवा बिरूर गाठावे आणि पुढे बस घ्यावी. ऑक्टोबर ते मार्च हा काळ सोयीचा. बहर पाहायचा तर मार्च-एप्रिल, पण त्याची तारीख पावसाच्या सरीवर अवलंबून असते. बाळेहोन्नूरची संस्था पाहायची असल्यास आधी चौकशी करून जावे. शृंगेरीची शारदांबा आणि होरनाडूची अन्नपूर्णेश्वरी याच जिल्ह्यात आहेत, तेव्हा तीन-चार दिवस हाताशी ठेवावेत.

मळ्यात राहणाऱ्या पाहुण्यांनी एक पथ्य मात्र जरूर पाळावे. एका मळ्यातून दुसऱ्यात जाताना पादत्राणांची माती झटकावी. हौसेने रोप, फांदी किंवा माती पिशवीत घालून आणू नये. आठवण म्हणून भाजलेली कॉफी आणावी, तिच्यातून रोग येत नाही. घरी गच्चीत नवे रोप आणले तर आठ-दहा दिवस ते इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण बहुधा अशाच नव्या रोपाबरोबर येतो. रोगट पाने कुंडीतच कुजू देऊ नयेत. आणि रोज पाणी घालताना एखादे पान उलटून पाहावे. मुलांना ही सवय लावली तर फारच उत्तम.

होरनाडूला अन्नपूर्णेच्या दारात आलेल्या प्रत्येकाला पंगतीत जेवण वाढले जाते. त्या पानावरचा भात, नारळ, मिरी आणि जेवणानंतरची सुपारी, सगळे त्या त्या झाडाच्या धडधाकटपणावर उभे असते. देवीचा प्रसाद ताटात पडतो, त्याच्या आधी कोणीतरी कुठल्या तरी शेतात वाकून पान उलटून पाहिलेले असते.